कवडीची दृष्ट

विचुंब्याच्या गावठाणात हौसाइतका संशय घेणारी बाई दुसरी नव्हती, आणि हे हौसालाही मान्य होतं. फक्त ती त्याला संशय म्हणत नसे, सावधपणा म्हणत असे. दूधवाला आला की आधी कॅनमध्ये डोकावून मगच ती पातेलं पुढे करी. सोनाराकडे गेली तर तराजूपेक्षा त्याच्या डोळ्यांकडे जास्त बघे. तिचा नवरा शिवा म्हणायचा, ‘‘हिला देव भेटला तरी ही आधी आधार कार्ड मागंल.’’ शिवा जाऊन तीन वर्षं झाली. त्याच्या मागे ही अशी थट्टा करणारं घरात कुणी राहिलं नाही, त्यामुळे सावधपणाला मोकळं रान मिळालं.

भाताची खाचरं गेली होती, त्या जागी टॉवर उभे राहिले होते आणि हौसाच्या कौलारू घराचा तीन मजली बंगला झाला होता. खाली ग्रॅनाइट, वर ग्रॅनाइट, जिन्याला स्टीलचा कठडा. मातीची म्हणून जी काही जागा उरली होती ती मागच्या परसात. तिथे एक शेवग्याचं झाड, एक खुराडं आणि त्या खुराड्याची एकुलती एक मालकीण म्हणजे कवडी. राखाडी अंगावर पांढरे ठिपके, म्हणून कवडी. शिवानंच तिला पिल्लू असताना आणली होती. संध्याकाळी हौसा परसात पाय पसरून बसली की कवडी तिच्या मांडीवर चढून डोळे मिटायची. ग्रॅनाइटवर हौसाचा जीव रमत नसे. तिथे पाय घसरतात आणि बोलणं घुमतं, असं तिचं म्हणणं.

मुलगा धनेश द्रोणागिरीला एका गोदामावर सुपरवायझर होता. त्यानं आईला आधीच सांगून ठेवलं होतं, ‘‘आये, ही एक कोंबडी राहू दे. पण हिच्यामागं नवी आणायची नाय. ही गेली का परसात पेव्हर ब्लॉक टाकायचे नि गल्लीकडची भिंत फोडून गाडी आत घ्यायची.’’ त्या दिवसापासून कवडी ही नुसती कोंबडी राहिली नाही. कवडी आहे तोवर परस आहे, आणि परस आहे तोवर या घरात आपली म्हणून एक जागा आहे, हे हौसाला पक्कं ठाऊक झालं होतं.

परसाच्या भिंतीपलीकडे धाकट्या जावेचं, शांतीचं घर. वाटणी झाली तेव्हा भिंत उभी राहिली. भिंत खांद्याएवढीच होती, आणि खांद्याच्या वर माणसाचं तोंड असतं. डिसेंबर संपता संपता एका सकाळी शांतीचं तोंड भिंतीवर उगवलं.

‘‘काय गो हौसाबाय, कोंबरी हाय का बदक? केवरी भरलीय! नजर ठरत नाय हिच्यावर.’’

शांती हसून बोलली होती. पण हौसानं कवडीला उचलून भिंतीपासून लांब नेलं. शांतीनं कौतुक केलेली वस्तू टिकत नाही, हा तिचा जुना अनुभव. शांतीनं आंब्याचं कौतुक केलं आणि त्या साली मोहोर जळाला. शांतीनं मिक्सरचं कौतुक केलं तर दुसऱ्या दिवशी मिक्सरमधून धूर. अशा गोष्टी हौसा विसरत नसे. मिक्सर बारा वर्षांचा होता ही गोष्ट मात्र ती सोयीनं विसरली होती.

त्याच संध्याकाळी तिनं कवडीची दृष्ट काढली.

दृष्टीला हौसा दुकानातलं मीठ घेत नसे. ती मिठागरातली लेक. तिचा भाऊ गणू अजून उरणच्या बाजूला एक आगर राखून होता आणि दर वर्षी तिला खड्या मिठाची गोण धाडायचा. करड्या झाकेचे, ज्वारीच्या दाण्याएवढे खडे. ‘‘तो पिशवीतला पिठासारखा मीठ ओवाळला तं दृष्ट सोड, माशी पन हलत नाय,’’ असं ती म्हणे. मूठभर खडे, त्यात मोहरी आणि दोन सुक्या मिरच्या. सात वेळा उतरवायचं, आल्यागेल्याची, पाहिल्या-बोलल्याची सगळ्यांची नावं घ्यायची आणि उतरवलेलं चुलीत टाकायचं. चूल तडतडली की झालं काम.

पण चूल होती कुठे? बंगला झाला तशी चूल गेली, पाण्याचा बंब जाऊन गीझर आला. एकदा हौसानं गॅसवरच मीठ टाकून पाहिलं, तर बर्नर असा चोंदला की सून निशा सुई घेऊन तासभर टोकरत बसली. मग हौसा उतरवलेलं तिठ्यावर नेऊन टाकू लागली. तर त्या तिठ्यावर नव्या सोसायटीचं गेट आणि गेटवर कॅमेरा. कुणी बाई गेटवर करणी करते म्हणून सोसायटीवाल्यांनी धनेशलाच बोलावून फुटेज दाखवलं. पोराची मान खाली गेली. तेव्हापासून हौसा दृष्ट परसातच, शेवग्याच्या बुंध्याशी टाकायची. टाकली की मागे वळून बघायचं नाही, पाय धुवायचे आणि सरळ घरात यायचं. हा नियम तिच्या आजीचा, आणि तो हौसानं जन्मात मोडला नव्हता.

तर कवडीवरून उतरवलेलं मीठ-मोहरी शेवग्याशी पडलं आणि हौसा पाय धुऊन घरात आली.

सकाळी खुराडं उघडलं तर कवडी बाहेर येईना. ओढून काढली तर पिसं फुलवून, मान आत घेऊन बसली. तुऱ्याचा रंग उतरलेला. चार पावलं टाकली की पाय लटपटायचे. पाण्याच्या वाडग्याशी गेली ती तिथून हलेचना, पीत राहिली, पीत राहिली, आणि मागून नुसतं पाणी गळत राहिलं.

हौसानं भिंतीकडे बोट केलं. ‘‘लागली! शांतीची लागली!’’

तिनं कवडीला पदराखाली घेतलं. भाताच्या गोळ्यात हळद आणि लसूण घालून चोचीशी धरलं. कवडीनं तोंड फिरवलं. ओव्याची पूड दिली, ती थुंकली. जुलाब लागलेत त्यावर पाणी पाजणं म्हणजे आगीत तेल, असं म्हणून हौसानं पाण्याचा वाडगा उचलून वर ठेवला. आणि दृष्ट? ती आता सकाळी एकदा आणि दिवेलागणीला एकदा निघू लागली. जितका शांतीचा राग जास्त तितकी मूठ मोठी. मांडीवर घेतलेल्या त्या हलक्या झालेल्या जिवाकडे बघून हौसाला रडू यायचं आणि लगेच भिंतीकडे बघून राग यायचा. एका डोळ्यात एक, दुसऱ्यात दुसरं.

‘‘आई, पनवेलला जनावरांचा दवाखाना आहे. मी स्कूटीवरून नेते ना तिला,’’ निशा म्हणाली.

निशा मे महिन्यात लग्न होऊन आलेली. माहेर नवीन पनवेलचं, दुपारपर्यंत एका दातांच्या क्लिनिकमध्ये रिसेप्शनला बसायची. मुलगी वाईट नव्हती, पण हौसाच्या मते गोड होती, आणि गोड माणसाचा हौसाला फार वहीम. ‘‘नको. तिथं सुया टोचतात. गेलेली कोंबरी परत येत नाय.’’

निशानं मोबाइल काढून कवडीचा व्हिडिओ घेतला.

‘‘ते कशाला?’’

‘‘असंच.’’

असंच! या जगात असंच काही होत नसतं, हे हौसाला कुणी शिकवायला नको होतं.

दृष्ट निघत राहिली आणि कवडी खालावत गेली. आता मान एका बाजूला कलायची, पाय मागे ताणले जायचे. हौसा विचार करू लागली. इतक्यांदा उतरवून, इतकं अस्सल मीठ वापरूनही उतार पडत नाही, म्हणजे ही दृष्ट नव्हेच. दृष्ट असती तर पहिल्याच मुठीला निघाली असती. मग हे पोटातलं काहीतरी आहे. कुणीतरी काहीतरी चारलं आहे. शांती भिंत चढून यायची नाही, तिचे गुडघे गेलेले. परसाला दुसरी वाट नाही. वाट आहे ती एकच, स्वयंपाकघरातून. आणि स्वयंपाकघरात कोण असतं?

विचार इथवर आला आणि हौसाला सगळं आपोआप दिसू लागलं. स्कूटी रस्त्यावर उन्हात राहते म्हणून निशा कुरकुरली होती. एकदा कवडीनं मागच्या पायरीवर घाण केली तेव्हा नाकाला ओढणी लावून तिनं ती धुतली होती. पेव्हर ब्लॉकचे फोटो मोबाइलमध्ये धनेशला कुणी दाखवले होते? निशानंच. माणसाला एकदा धागा सापडला की तो अख्खं लुगडं विणतो, तसं झालं हौसाचं. त्या लुगड्यात निशा पुरती गुंडाळली गेली.

त्या दुपारी हौसानं झोपेचं सोंग घेतलं. घोरलीसुद्धा. थोड्या वेळानं मागच्या दाराची कडी अगदी हळू वाजली. हौसा उठून स्वयंपाकघराच्या खिडकीशी आली. बाहेर खुराड्यापाशी निशा उकिडवी बसली होती. कवडी तिच्या मांडीत. डाव्या हातानं तिनं कवडीची चोच उघडली होती आणि उजव्या हातातल्या ड्रॉपरनं ती काहीतरी आत सोडत होती. बाजूला लहानशी तपकिरी बाटली. तिचं लेबल खरवडून काढलेलं.

‘‘धर! सापरली गो बाय, सापरली!’’

हौसाची ती किंकाळी पार टॉवरच्या चौथ्या मजल्यापर्यंत गेली असेल. निशा दचकली, ड्रॉपर खाली पडला. भिंतीवर शांतीचं तोंड तर आलंच, तिच्या शेजारी गल्लीतल्या आणखी दोघी उगवल्या.

‘‘आई, पाणी आहे हो. साधं पाणी.’’

‘‘पानी? पानी असल्या बाटलीत असतंय? माझ्या जित्या कोंबरीला इख घालतेस? परस पायजे ना तुला? एवरं गारीचं प्रेम?’’

निशाचा चेहरा पांढराफटक पडला. मग लाल झाला. तिनं बाटली उचलली, झाकण काढलं आणि सगळ्यांच्या देखत घटाघट पिऊन रिकामी केली. ‘‘झालं? आता मी मरते का बघत बसा,’’ म्हणाली आणि कवडीला अलगद खाली ठेवून आत निघून गेली.

एखाद्या भल्या माणसाचा संशय तिथेच फिटला असता. हौसाचा वाढला. चटकन पिऊन पुरावाच संपवला की! पोरगी दिसते तशी नाही.

भिंतीपलीकडून शांती हळूच म्हणाली, ‘‘क्लिनिकात कामाला हाय ना गो ती? तिथं काय काय असतंय बाय. माझं काय, मी आपली बोलले.’’

रात्री धनेश आला तेव्हा निशानं त्याला सगळं सांगितलं. हौसा दाराआडून ऐकत होती, हे सांगायला नकोच. व्हिडिओ निशानं दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना पाठवला होता. त्या म्हणाल्या होत्या, मानमोडीचा रोग वाटत नाही, काहीतरी खाण्यात आलंय, ते शोधा, आणि पाणी अजिबात तोडू नका, साधं पाणी थेंब थेंब देत राहा. आईंनी वाडगा उचलून ठेवला म्हणून ती चोरून पाजत होती. बाटली क्लिनिकमधली, उकळत्या पाण्यात धुऊन घेतलेली.

‘‘आये, पाणीच होतं गं ते,’’ धनेश आईला म्हणाला.

‘‘तू तिचाच बोलनार,’’ हौसा म्हणाली आणि अंथरुणावर पडून तिनं बेत केला. आता निशाला रंगेहाथ पकडायची. साक्षीदारासकट.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तिनं नेहमीसारखी दृष्ट उतरवली. दृष्ट नसली तरी काढून ठेवलेली बरी, नुकसान तर काही नाही, हा हिशोब. शेवग्याशी मीठ-मोहरी टाकली, मागे न बघता पाय धुतले, घरात आली. पण आज ती पुढे खोलीत गेली नाही. कवडीला परसात मोकळी सोडून दाराच्या फटीला डोळा लावून उभी राहिली. निशा येईल, काहीतरी टाकेल, कवडी ते खाईल आणि आपण झडप घालू.

निशा आली नाही. ती वर कपडे घड्या करत होती, तिच्या मोबाइलवरची गाणी खाली ऐकू येत होती. परसात दुसरं कुणी नव्हतं. कवडी मात्र हलली. लटपटत, पंखांचा टेका घेत ती शेवग्याकडे सरकली. बुंध्याशी पोचली आणि तिनं मान खाली घातली. टक. टक. टक.

हौसानं दार ढकललं. म्हणजे सटवीनं आधीच टाकून ठेवलंय! झाडाच्या बुंध्याशी! ‘‘शांते! अगो शांते, लवकर ये!’’ म्हणत ती धावली, कवडीला बाजूला सारलं आणि मातीतून ते मूठभर उचललं. पांढुरके खडे होते, मधे मधे मोहरी. एक खडा कवडीच्या चोचीला अजून चिकटून होता. हौसानं मुठीतला एक उचलून जिभेच्या टोकाला लावला.

मीठ.

मीठ तिनं हजार वेळा चाखलं होतं. गणूच्या आगरातलं मीठ ती डोळे बांधून ओळखू शकली असती. करड्या झाकेचे खडे. कोंबडी दाणे पचवायला खडी टिपते, हे तिला लहानपणापासून ठाऊक. मोहरीच्या नादानं आली असेल, खडी समजून मिठाचे खडे गिळले असतील. आणि आगरावर एकदा बापाची शेळी खारं पाणी पिऊन अशीच पाय ताणून मेली होती. ते तिनं स्वतः पाहिलं होतं. रोज सकाळी एक मूठ, रोज संध्याकाळी एक मूठ, आणि वर पाणी तोडलेलं. दुसऱ्या कुणाला इतकं नेमानं विष घालायला जमलं नसतं. आणि मागे वळून बघायचं नाही म्हणून एकदाही तिनं पाहिलं नव्हतं.

हौसा तिथेच मातीत बसली.

‘‘काय गो, काय गावला?’’ शांतीचं तोंड भिंतीवर आलं होतं.

हौसानं मूठ मिटली.

‘‘काय नाय.’’

‘‘मना हाका मारल्यास नि काय नाय? मुठीत काय हाय? पांढरं दिसला मना.’’

‘‘माती हाय. जा तू.’’

शांतीनं एकदा मुठीकडे पाहिलं, एकदा वर खिडकीकडे पाहिलं. तिथून निशाची गाणी येत होती. मग तिनं नुसती मान हलवली आणि तोंड भिंतीखाली गेलं.

हौसानं आधी पाण्याचा वाडगा भरून कवडीपुढे ठेवला. एकदम ढोसू नये म्हणून थोडं पाजून वाडगा मागे घेई, पुन्हा पुढे करी. मग खुरपं घेऊन तिनं शेवग्याखालची वरची माती खरवडली आणि घमेल्यातून बाहेर नेऊन टाकली. घामाघूम झाली. निशाला आताच वर जाऊन सांगावं, असं तिला वाटलं. जिन्याची पहिली पायरी चढलीसुद्धा. पण सासूनं वर जायचं, सुनेपुढे उभं राहायचं आणि म्हणायचं काय? ‘मीच’? हौसा पायरीवरून खाली उतरली. सकाळी सांगू, म्हणाली.

सकाळी निशा क्लिनिकला गेली. मग संध्याकाळी पाहुणे आले. मग कवडीनं मान सरळ केली, आणि ती बरी होते आहे त्या आनंदात कशाला जुनं उकरायचं, असं झालं. निशा हट्टानं अजून ड्रॉपर घेऊन बसायची, आणि आता हौसा कवडीचे पंख धरून द्यायची. दोघींत बोलणं नसायचं, पण काम चालायचं. आठवडाभरात कवडी खुराड्यातून उडी मारून बाहेर आली. तुरा लाल झाला. धनेश म्हणाला, ‘‘बघितलं आये? निशाची मेहनत.’’ हौसानं ‘हं’ केलं. त्याच रात्री निशा धनेशला सांगताना तिनं ऐकलं, ‘‘पेव्हर ब्लॉकचं राहू दे रे. आईंना तेवढीच बसायला माती आहे.’’

ते ऐकून हौसाला स्वतःची इतकी लाज वाटली की ती उशीत तोंड घालून पडून राहिली. उद्या सांगायचंच, असं ठरवलं. उद्या संक्रांत होती.

निशाची ही पहिली संक्रांत. काळी साडी, हलव्याचे दागिने, हळदीकुंकवाला सगळी गल्ली बोलावलेली. निशानं दोन दिवस खपून तिळाच्या वड्या केल्या होत्या, मोठं पातेलं भरून मसाला दूध केलं होतं. ‘‘आई, तुम्ही पण बाहेर बसा, मी नाही असलं काही मानत,’’ ती म्हणाली होती. पण नवरा गेलेल्या बाईनं हळदीकुंकवात बसू नये, हे हौसाच्या हाडात होतं. ती आतल्या खोलीत पलंगावर बसून राहिली.

बायका आल्या. हळदीकुंकू झालं, वाण म्हणून स्टीलच्या वाट्या गेल्या, कौतुकं झाली. मग निशा ट्रे घेऊन आली तेव्हाचा आवाज हौसाला आत ऐकू आला.

‘‘नको गो, मना आज उपास.’’

‘‘दूध पचत नाय मना.’’

‘‘तिलाची वरी घरी नेते हां, बांधून दे.’’

एकीला उपास असता, दोघींना असता, तर चाललं असतं. पण सगळ्या गल्लीला एकदम दूध पचेनासं झालं, तेव्हा हौसाला कळलं. असलं वाचायला तिला वेळ लागत नसे. तिनं पडद्याच्या फटीतून पाहिलं. शांतीसमोर दुधाचा ग्लास भरलेला, आणि ती शेजारणीच्या कानाशी लागून काहीतरी बोलत होती. निशा ट्रे धरून उभी होती. हसत होती, कारण हसू गेलं असतं तर रडू आवरलं नसतं. तिलाही कळलं होतं.

हौसा पडदा सारून बाहेर आली. हळदीकुंकवात. बायकांच्या माना वळल्या.

‘‘ऐका गो,’’ ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला. ‘‘कोंबरीला सुनेनं काय घातला नवता. मीच घातला. दृष्टीचा मीठ मी झाराखाली टाकत व्हते, तो खाऊन आजारी परली ती. हिनं पानी पाजून वाचवली. मी उगाच बोंब मारली. चूक माझी हाय.’’

आयुष्यात पहिल्यांदा हौसानं चार माणसांत आपली चूक कबूल केली होती. तिला वाटलं, आता शांती खो खो हसेल, गल्ली वर्षभर चिडवील. चिडवू देत. ती तयार होती.

शांती हसली नाही. उठून जवळ आली आणि तिनं हौसाचा हात हातात घेतला. डोळ्यांत पाणी होतं तिच्या.

‘‘हौसाबाय,’’ ती म्हणाली, ‘‘सासू असावी तं अशी.’’

‘‘अगो खरंच सांगते मी...’’

‘‘असू दे. तुझ्या मुठीत काय व्हतं ते मी माझ्या डोल्यांनी बघितलं ना? तवाच मी वलखलं, ही आता सुनेवर पांघरून घालनार. घराची अब्रू राखलीस बाय तू. आमी काय कुनाला बोलनार नाय.’’

बाकीच्या बायका माना डोलावू लागल्या. एक म्हणाली, पकडल्यापासून कोंबडी बरी झाली ना, मग झालं, आता कशाला तो विषय. दुसरी म्हणाली, पोर लहान आहे, चुकते. हौसा एकेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. ती जितकी ‘नाय गो, नाय गो’ करत होती तितक्या त्या तिच्याकडे आदरानं बघत होत्या. जाताना दोघीतिघींनी तिच्या पाया पडून घेतलं. गावात इतका मान तिला कधी मिळाला नव्हता.

बायका गेल्या. टीपॉयवर, खिडकीत, सोफ्याच्या हातावर भरलेले ग्लास तसेच राहिले. निशा एकेक ग्लास उचलून दूध परत पातेल्यात ओतू लागली. हलव्याच्या बांगड्यांचे दाणे तुटून फरशीवर पडत होते, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

‘‘आई,’’ तिनं पाठ न वळवता विचारलं, ‘‘मिठाचं तुम्हाला कधी कळलं?’’

खोटं बोलता आलं असतं. हौसाच्या ओठांवर ‘आज’ आलंही होतं.

‘‘बाटलीच्या दुसऱ्या दिशी,’’ ती म्हणाली. ‘‘सांजचं.’’

निशाचा हात थांबला. ‘‘म्हणजे इतके दिवस?’’

हौसा खाली वाकून फरशीवरचे हलव्याचे दाणे वेचू लागली.

निशानं शेवटचा ग्लास ओतला, पातेल्यावर झाकण ठेवलं. गळ्यातला हलव्याचा हार काढून टेबलावर ठेवला. रडली नाही, ओरडली नाही, आणि हौसाला ते फार जड गेलं. ‘‘मी उद्या आईकडे जाऊन येते,’’ ती म्हणाली. ‘‘कवडीचं पाणी बदलत जा. रोज.’’

‘‘बदलेन,’’ हौसा म्हणाली.

निशा जिना चढून गेली. वर कपाट उघडल्याचा आवाज आला, मग पलंगाखालून बॅग ओढल्याचा. चार दिवस माहेरी जाणाऱ्या मुलीला एवढी मोठी बॅग कशाला लागते, असं हौसाच्या मनात आलं. परत कधी येशील, एवढंच तिला विचारायचं होतं. जिन्याशी जाऊन ती उभीसुद्धा राहिली. पण आपल्या तोंडून तो प्रश्न निघाला तर पोरीला तोही संशयच वाटेल, म्हणून तिनं विचारला नाही.